बर्फाखालच्या माशाला कान लावायचा की डोळा?

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. डिसेंबर सरत आला की त्याचे फोटो यायला लागतात. गोठलेलं तळं, त्यावर लाल रंगाचा छोटा तंबू, तंबूच्या आत बर्फाला पाडलेलं वीतभर रुंदीचं भोक आणि त्या भोकाकडे टक लावून बसलेला हा. यंदा फोटोबरोबर प्रश्नही आला. "मामा, पाण्यात सोडायचा कॅमेरा घेऊ की फ्लॅशर? दोन्ही घ्यायला पैसे नाहीत."

मला विचारायचं कारण म्हणजे आम्ही मुंबईच्या वेसावे कोळीवाड्याचे. बर्फ आम्ही पाहिला तो मासळीवर घालायच्या लाद्यांचा. पण पाण्याखाली काय चाललंय हे वर बसून ओळखायचं कसं, हा प्रश्न आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, आणि गेली बरीच वर्षं आमच्या बोटीवर फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, आहे. फोनवर त्याला तासभर समजावलं. मग लक्षात आलं की बर्फावरच्या मासेमारीचे व्हिडिओ आमच्या गल्लीतली पोरंही रात्र रात्र बघतात, आणि त्यातला तो गोल, रंगीबेरंगी चमकणारा डबा, म्हणजेच फ्लॅशर, काय आहे हे कोणालाच कळत नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतो आहे.

आधी ते तळं

बहुतेक पदार्थ गोठले की जड होतात आणि बुडतात. पाण्याचं उलटं आहे. ते ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं आणि त्याखाली थंड होत गेलं की पुन्हा हलकं होत जातं. म्हणून बर्फ वर तरंगतो आणि ४ अंशाच्या आसपासचं पाणी तळाशी बसतं. वर उणे वीस असो, खाली मासे जिवंत असतात. मात्र थंडीने ते मंदावलेले असतात. धावत येऊन आमिष गिळत नाहीत. जवळ येतात, बघत राहतात, पुष्कळदा निघूनही जातात. दोरीला जाणवेल असा झटका बसतच नाही.

माणूस उभा राहायचा तर निदान १० सेंटिमीटर जाडीचा, स्वच्छ, टणक बर्फ लागतो. मोठ्या गिरमिटाने त्याला भोक पाडायचं, गळ सरळ खाली सोडायचा आणि वाट बघायची. बोट असती तर पुढे सरकत शोधता आलं असतं. इथे जागा बदलायची म्हणजे नवं भोक. त्यामुळे भोकाखाली मासा आहे की नाही हे आधी कळणं ही चैन नाही, तोच अर्धा धंदा आहे.

फ्लॅशर ऐकतो

फ्लॅशर हे सोनार आहे. सोनार म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं यंत्र. वायरला जोडलेली एक चकती भोकातून पाण्यात टांगायची. विजेचा धक्का मिळाला की ती थरथरते आणि आवाज सोडते. प्रतिध्वनी आदळला की पुन्हा थरथरते आणि उलट वीज देते. गोड्या, गारठलेल्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,४०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपट वेगाने. दहा मीटरवरच्या तळाला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा सत्तरावा भाग पुरतो. पापणी लवेपर्यंत यंत्राने अनेकदा हाक मारून उत्तर ऐकलेलं असतं.

आपल्यातल्या बहुतेकांनी हे यंत्र पाहिलंय, फक्त दवाखान्यात. सोनोग्राफी म्हणजे हेच. तिथे पोटावर थंड जेली का चोपडतात? कारण मध्ये हवेचा पातळसा थर राहिला तरी आवाज तिथूनच मागे फिरतो, आत जातच नाही. बर्फावर हीच युक्ती करतात. बुडबुडे नसलेला स्वच्छ बर्फ असेल तर त्यावर थोडं पाणी ओतून चकती टेकवायची, की भोक न पाडताच खालची खोली कळते. हवा आवाजाला अडवते ही गोष्ट लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तीच सर्वांत महत्त्वाची ठरणार आहे.

आवाजाचाच खटाटोप का, रेडिओलहरी का नाहीत, असं भाच्याने विचारलं. पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं, इतकं साधं कारण आहे. फोनला बिनतारी जोडले जाणारे सोनारचे गोळेसुद्धा पाण्यावर तरंगत ठेवावे लागतात. खाली बोलतात आवाजाने, वर बोलतात रेडिओने.

लिफ्टचा आकडा आणि दाराचं भिंग

फ्लॅशरची तबकडी घड्याळासारखी गोल असते. बाराच्या जागी शून्य, म्हणजे बर्फाखालचं पाणी जिथे सुरू होतं ती जागा. तिथून घड्याळाच्या दिशेने जाल तशी खोली वाढते. जिथून प्रतिध्वनी आला तिथे रेघ पेटते. बारीक प्रतिध्वनी हिरवा, जोरदार असला तर लाल. तळाचा पट्टा जाड आणि लाल. त्याच्या थोडं वर एक बारीक रेघ हलते ती आपल्याच आमिषाची. आपण दोरी उचलली की ती वर सरकते. आणि मग तळाकडून दुसरी एक रेघ सुटते, आमिषाच्या रेघेकडे चढू लागते. ती माशाची.

इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टची वाट बघत उभे असता तेव्हा दारावर आकडे दिसतात ना, ७, ६, ५? लिफ्ट कुठे आहे, येतेय की वर चाललीय, सगळं कळतं. आत वाण्याचा पोरगा आहे की पाचव्या मजल्यावरच्या काकू, हे कळत नाही. फ्लॅशर म्हणजे तो आकडा. पाण्यातला कॅमेरा म्हणजे घराच्या दाराला बसवलेलं भिंग. समोर कोण उभं आहे, हातात काय आहे, चेहरा कसा आहे, सगळं दिसतं, पण जिन्यावर उजेड असेल तरच, आणि माणूस भिंगासमोर असेल तरच.

"आहे का, आणि किती खोलीवर?" याचं उत्तर फ्लॅशर देतो. "कोण आहे, आणि तोंड का लावत नाही?" याचं कॅमेरा. एकच प्रश्न दोन यंत्रांना विचारून त्यांची तुलना करायला गेलं की गोंधळ होतो.

आमच्या बोटीवरच्या फिशफाइंडरपेक्षा फ्लॅशर एका बाबतीत वेगळा. फिशफाइंडर मागचं चित्र डावीकडे सरकवत ठेवतो, कारण बोट चालत असते आणि मागे काय गेलं ते बघायचं असतं. बर्फावर माणूस जागचा हलत नाही. त्याला आत्ता, या क्षणी, काय आहे एवढंच हवं. फ्लॅशर मागचं काहीच ठेवत नाही, म्हणून हातातली दोरी आणि तबकडीवरची रेघ एकाच वेळी हलतात. अलीकडच्या डिजिटल यंत्रांत दोन्ही प्रकार मिळतात.

चमकते ती माशाच्या पोटातली हवा

नवीन माणसाला वाटतं की लाल रेघ म्हणजे मोठा मासा. तसं नाही, आणि इथे जरा थांबायला हवं.

माशाचं मांस बहुतांशी पाणीच, त्यामुळे आवाज त्यातून जवळजवळ सरळ निघून जातो. आवाजाला उलटवते ती माशाच्या पोटातली हवेची पिशवी. याच पिशवीच्या जोरावर मासा पाण्यात न बुडता, न तरंगता, हव्या त्या खोलीवर थांबतो. आमच्याकडे तिला भोत म्हणतात, आणि घोळीचं भोत म्हटलं की कोणत्याही कोळीवाड्यात माना वळतात. २०२१ च्या ऑगस्टअखेरीला पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि लिलावात सव्वा कोटीहून जास्त रक्कम आली, ती या भोतासाठी. सुकवलेलं भोत परदेशात जातं. घोळ, ढोमा या कुळातले मासे त्याच पिशवीवर स्नायू थरथरवून ढोलकीसारखा आवाजही काढतात. त्या पिशवीचं मोल आम्हाला बाजारामुळे कळलं, सोनारला ते आवाजामुळे कळतं. मुशी आणि पाकट यांना ती पिशवीच नसते. ते सोनारवर फिके उमटतात, कितीही मोठे असले तरी.

दुसरं म्हणजे, चकतीतून निघणारा आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो. २० अंशांचा झोत असेल तर दहा मीटर खोलीवर त्याचं वर्तुळ साडेतीन मीटर रुंद होतं. मधोमध आवाज जोरदार, कडेला कमजोर. त्यामुळे झोताच्या कडेला आलेला मोठा मासा हिरवा दिसतो आणि तोच मध्यावर आला की लाल. रंग बदलला म्हणजे मासा आमिषाकडे सरकतोय. हे एकदा डोक्यात बसलं की तबकडी वाचता येते.

आता त्या हवेची दुसरी बाजू, जी मला भाच्याला सगळ्यांत आधी सांगावीशी वाटली. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो. तिथून मासा भरकन वर ओढला की पोटातली हवा फुगून दुप्पट होते. तिथल्या ट्राउट माशांची पिशवी घशाला जोडलेली असते, ते हवा सोडून देऊ शकतात. वॉलाय, पर्च आणि क्रॅपी या माशांची पिशवी बंद असते. त्यांना ते जमत नाही. त्यांचं जठर तोंडाशी येतं, डोळे बाहेर येतात, आणि "लहान आहे, सोडून देऊ" म्हणून परत टाकलेला मासा पुष्कळदा वाचत नाही. म्हणून खोली सांगणारा फ्लॅशर जवळ असेल तर त्याचा पहिला उपयोग हा करावा: नऊ-दहा मीटरच्या खाली रेघा दिसल्या आणि मासे सोडूनच द्यायचे असतील, तर तिथे गळ टाकूच नये. खायला हवे तेवढे पकडायचे आणि उठायचं.

कॅमेऱ्याला स्वच्छ पाणी लागतं

कॅमेऱ्याची बाजू मी मनापासून समजू शकतो. प्रत्यक्ष मासा दिसणं ही वेगळीच गोष्ट आहे. आमिषापाशी येऊन थांबलेला, कल्ले हलवत बघणारा, मग मागे सरकणारा मासा एकदा पाहिला की हात आपोआप शिकतो: जास्त हलवलं तर बिचकतो, थांबवलं तर पुढे येतो. फ्लॅशरवर महिनाभर रेघा बघून जे कळेल ते कॅमेऱ्यावर एका दुपारी कळतं. शिवाय तळाला गवत आहे की खडक, समोरचा मासा कोणत्या जातीचा, याची शंकाच राहत नाही.

पण पाणी गढूळ असेल तर कॅमेरा म्हणजे वायर लावलेला धोंडा. गेल्या वर्षी मी एक साधा कॅमेरा वेसाव्याच्या धक्क्यावरून खाडीत सोडून पाहिला. पडद्यावर चहाचा रंग, दुसरं काही नाही. त्यातला दिवा लावला तर आणखी वाईट झालं. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात ढग उतरलेले असताना गाडीचा मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, अगदी तसं. उजेड पाण्यातल्या कणांवर आपटून भिंगातच परत येतो. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी रोज चार वेळा गाळ ढवळते. इथे बोटीवाल्याने फिशफाइंडर घेतला आणि कॅमेरा कधी घेतला नाही, याचं कारण एवढंच. डोल, म्हणजे ओढ्यात लावायचं पिशवीसारखं जाळं, लावणाऱ्यांना तर फिशफाइंडरचीही गरज नाही, त्यांना पाण्याचा ओढा कळला की पुरतं. पवईच्या तलावावर गळ घेऊन बसणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. हिरवट पाण्यात आणि जलपर्णीत भिंगाला फार काही मिळणार नाही.

मिनेसोटात हिवाळ्यात चित्र पुष्कळ चांगलं असतं. शेवाळ कमी झालेलं असतं, वाऱ्याची लाट नसते, पावसाचा गाळ येत नाही. तरी तळ्यातळ्यांत फरक आहेच. दलदलीतून पाणी येणारी काही तळी काळ्या चहासारखी असतात. बर्फावर जाड हिम साठलं की खाली दिवसाही काळोख होतो. आणि कॅमेऱ्यातला न दिसणारा, इन्फ्रारेड दिवा माशाला बिचकवत नाही हे खरं, पण पाणी तो प्रकाश पटकन शोषतं, त्याची मजल काही हातांपलीकडे जात नाही.

पैसे घालवण्याआधी एक चाचणी करता येते. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. तळ्यांच्या पाण्याची पारदर्शकता आजही तशाच, २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीने मोजतात. घरातली पांढरी ताटली चालेल. मी भाच्याला सांगितलं, ताटली दीड मीटरच्या आत नाहीशी झाली तर कॅमेऱ्याचा विचार सोड. चार-पाच मीटरपर्यंत दिसत राहिली तर पुढे बोलू.

मग फ्लॅशरला सगळं दिसतं का?

नाही. त्याची मोठी उणीव तळापाशी आहे. झोत तिरपा पसरतो, त्यामुळे कडेचा तळ चकतीपासून मधल्या तळापेक्षा लांब पडतो. वर सांगितलेल्या २० अंशांच्या झोतात, दहा मीटरवर, हा फरक १५ सेंटिमीटर आहे. म्हणजे झोताच्या कडेला, तळाला चिकटून पडलेला मासा तळाच्या लाल पट्ट्यातच मिसळून जातो. तळ उतरता असेल तर आणखी मोठा पट्टा आंधळा होतो. पर्च नेमके तळाशी घुटमळतात. अशा वेळी फ्लॅशर "कोणी नाही" म्हणतो आणि कॅमेरा दहा जण दाखवतो. अरुंद झोताची चकती घेतली की ही उणीव कमी होते, पण मग बघायची जागाही कमी होते.

कॅमेऱ्याची उणीव याच्या उलट आहे. तो ज्या बाजूला तोंड करून टांगलाय तेवढंच बघतो. वायरला पीळ पडला की तो हळूहळू फिरतो आणि आमिष पडद्याबाहेर जातं. त्यासाठी हातभर अंतरावर दुसरं भोक पाडून तिथून कॅमेरा सोडतात. क्रॅपी पाण्याच्या मधल्या थरात, तळापासून बरेच वर तरंगतात. कॅमेरा तळाशी असेल तर ते वरून निघून जातात, आणि फ्लॅशरवर मात्र त्यांची रेघ लख्ख दिसते.

आवाजाने मासे पळत नाहीत का?

हा प्रश्न बोटीवरही सगळे विचारतात. फ्लॅशर साधारण २०० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दोन लाख कंपनांनी बोलतो. माणसाला वीस हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, आणि बहुतेक माशांना त्याहूनही कमी. शॅड नावाच्या काही माशांना १८० किलोहर्ट्झपर्यंतचं कळतं असं दिसून आलेलं आहे, पण बर्फाखाली ज्यांच्यामागे लोक असतात ते हे मासे नव्हेत. बर्फावर आदळलेला बूट आणि गिरमिटाची घरघर त्यांना जास्त ऐकू जाते.

शेजारी दुसरा कोणी फ्लॅशर लावून बसला असेल तर मात्र आपल्याला त्रास होतो. त्याचे प्रतिध्वनी आपल्या तबकडीवर उड्या मारतात. त्यासाठी यंत्रावर वेगळं बटण असतं.

ही फसवणूक नाही का?

आमचे आजोबा म्हणाले असते, हो. पण जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली पहिला व्यापारी फिशफाइंडर विकायला काढला, तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही. माझं मत सांगतो. सोनार मासा दाखवतो, त्याला बोलावत नाही. आपल्याकडे २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली ती रास्तच होती, कारण तो उजेड लहान-मोठं सगळं एका जागी ओढून आणतो. फ्लॅशर असूनही मंदावलेला मासा तोंड लावेल की नाही हे माशाच्याच हाती राहतं. किती पकडायचे याची रोजची मर्यादा तिथल्या प्रत्येक राज्याने ठरवलेली आहे, आणि ती पाळली तर यंत्राने बिघडत नाही. ज्याची मला खरंच काळजी वाटते ते आडव्या दिशेने, हलत्या चित्रासारखं दाखवणारं नवं सोनार. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने लाइव्हस्कोप नावाचं असं यंत्र आणल्यापासून त्याचं वेड वाढलं आहे. त्यात वीस-तीस मीटरवरचा एकेक मासा दिसतो, तळ्यात लपायला जागा उरत नाही. किंमतही इतकी, की भाच्याच्या प्रश्नात ते बसतच नाही.

मग घ्यायचं काय?

एकच घ्यायचं तर फ्लॅशर. गढूळ पाण्यात, रात्री, हिमाखाली, खोलवर, सगळीकडे तो काम करतो. नव्या तळ्यावर वीस भोकं पाडून बघायची असतील तर प्रत्येक भोकात चकती बुडवून पाच सेकंदांत निकाल लागतो. कॅमेरा तितक्या वेळा वर-खाली करायचा म्हणजे गारठलेल्या बोटांनी ताठरलेली वायर गुंडाळत बसणं.

दोन ठिकाणी मी उलट सांगेन. तळं उथळ आणि काचेसारखं स्वच्छ असेल, आणि मासे तळाशी राहणारे असतील, तर कॅमेरा जास्त देतो. आणि बरोबर लहान मुलं असतील तर नक्कीच कॅमेरा. रेघ बघून आठ वर्षांचं पोर दहा मिनिटांत कंटाळतं. मासा बघून ते दुपारभर हलत नाही.

यंत्र कोणतंही घ्या, बॅटरीकडे लक्ष द्या. कडक थंडीत शिशाच्या बॅटरीची ताकद बरीच घटते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची हलकी असते आणि थंडीत जास्त टिकते, पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. घरी आणून, खोलीच्या उबेला येऊ देऊन, मगच लावायची.

भाच्याने शेवटी जुना, वापरलेला फ्लॅशर घेतला. गेल्या रविवारी आमच्याकडे रात्र होती तेव्हा त्याचा फोटो आला. तबकडीवर सहा मीटरला तळाचा जाड लाल पट्टा, वर आमिषाची रेघ, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक हिरवी रेघ. खाली लिहिलं होतं, "मामा, हा कोण?" मी लगेच फोन लावला, दोरी हळूहळू वर घे म्हणून सांगायला. त्याने उचलला नाही.